डायनाम्यावरची खूण

किसन गेल्याची बातमी मला ज्या ग्रुपवर कळली, त्याच ग्रुपवर तीन आठवड्यांपूर्वी त्याला चोर ठरवलं होतं. सकाळी मी अंगणात दाढी करत होतो. शेजारी ठेवलेला मोबाइल वाजायला लागला, तो थांबेचना, म्हणून पाहिलं तर ओळीने जोडलेले हात. ‘भावपूर्ण श्रद्धांजली.’ ‘गावाने एक प्रामाणिक कारागीर गमावला.’ प्रामाणिक! हा शब्द लिहिणाऱ्याचं नाव मी दोनदा वाचलं. याच गृहस्थाने तीन आठवड्यांपूर्वी तिथेच लिहिलं होतं, ‘आम्हालाही शंका होतीच.’ माझ्या गालावर साबण तसाच होता, आणि मला रडू यायच्या आधी राग आला. आज दीड महिना झाला, तो उतरलेला नाही. त्यामुळे हा लेख गोड होणार नाही. गेलेल्या माणसाबद्दल चांगलंच बोलावं म्हणतात, ते मी बोलणारच आहे. मागे राहिलेल्यांबद्दल मात्र असा काही नियम नाही, आणि त्यांच्यात पहिला मीच आहे.

किसन आणि मी शाळेत एका बाकावर बसायचो. तो नववीत नापास झाला आणि पिरंगुटला एका गॅरेजात गाड्यांचं वायरिंग शिकायला गेला. मी शिकत राहिलो आणि पुढे तीस वर्षं मुलांना विज्ञान शिकवलं, म्हणून तो मला कायम ‘मास्तर’ म्हणायचा, आणि त्यात आदर कमी अन् खोडी जास्त असायची. कासार आंबोलीच्या फाट्याजवळ त्याची पत्र्याची शेड. बाहेर पाटी नाही, फक्त एक उलटा ड्रम, त्यावर माझी बसायची जागा. आमच्याकडे वरच्या वाड्यांवर जायला अजूनही जुन्या फोर-व्हील जीपच लागतात. दूध, खत, आजारी माणूस, सगळं त्यातूनच वर-खाली जातं. आणि अलीकडे शनिवार-रविवारी येणाऱ्या बंगलेवाल्यांनाही त्याच जुन्या जीपचं वेड लागलंय. ते त्या रंगवून घेतात, पुढे चार-चार दिवे लावतात आणि मुद्दाम चिखलात घालतात. दोन्ही तऱ्हेची गिऱ्हाइकं किसनकडे यायची, कारण चार्जिंगचं दुखणं शोधावं तर त्यानेच.

माझीही तसलीच एक जुनी डिझेल जीप आहे. एका वर्षात मी तिला दोन नव्या बॅटऱ्या घातल्या आणि तिसरी घ्यायला निघालो, तेव्हा किसन म्हणाला, “मास्तर, हिरीत पाणी न्हाई आन् तू घागरी बदलतुयास.” मग त्याने मीटर काढला. इंजिन बंद असताना बॅटरीवर साडेबारा व्होल्ट. इंजिन चालू केल्यावर आकडा चौदाच्या आसपास चढायला हवा, तो चढेना. मी घाईने म्हणालो, “अल्टरनेटर गेला, बदलून टाक.” गावात त्याला अजून डायनामाच म्हणतात. किसन म्हणाला, “गप ऱ्हा जरा. आदी दुखणं कुटं हाय ते तर बघू दे.” त्याने पट्टा दाबून पाहिला, वायरी हलवून पाहिल्या, मग चावी फिरवून डॅशबोर्डकडे बघत बसला. “तांबडा दिवा कुटं गेला रं?” मी सांगितलं, डोळ्यांत खुपायचा म्हणून बल्ब मीच काढून टाकला. त्याने पान्याने बॉनेट बडवलं आणि शेडमध्ये होते नव्हते तेवढ्यांना हाक मारली. “ह्ये बघा, ह्यो आमच्या पोरांना वीज शिकवतो!” त्या दिव्यातून जो इवलासा करंट जातो, त्यानेच या डायनाम्याला जाग येते. दिवा काढला की तो झोपलेलाच राहतो. वर्गात फळ्यावर चुंबकीय क्षेत्राच्या रेषा काढणाऱ्या मला हे नववी नापास मित्राने चारचौघांत सांगितलं. मला राग आला होता, पण गाडी त्या एका बल्बवर चालली, आणि मी पुढे दोन दिवस त्याच्याकडे गेलो नाही.

तीन वर्षांनी माझा डायनामा खरोखरच गेला. किसनने आधी बॅटरीची काळी वायर सोडली, पट्टा सैल केला, डायनामा काढला आणि माझ्या कानाशी धरून त्याचा दांडा फिरवला. “ऐक.” आत बेअरिंग खरखरत होतं. खोलून आतले कार्बनचे ब्रश दाखवले, झिजून नखाएवढे उरले होते. हे तो प्रत्येकाला दाखवायचा, मालक समोर असल्याशिवाय पाना लावायचाच नाही. मग नवा बसवला, पट्टा अंगठ्याने दाबून ताण पाहिला, आणि शेवटी कानशीच्या टोकाने त्या नव्या कोऱ्या डायनाम्याच्या अंगावर ‘कि’ आणि तारीख खरवडली. मी ओरडलो, “अरे, नव्या वस्तूला ओरखडे कशाला?” तो म्हणाला, “उद्या बिगडला तर ‘म्या बसवल्याला न्हाई’ आसं मला म्हणता येऊ ने, म्हून.” खूण स्वतःच्या जाहिरातीसाठी नव्हती, स्वतःला बांधून घेण्यासाठी होती. घोटावड्यापासून वरच्या शेवटच्या वाडीपर्यंत किती ट्रॅक्टरांवर आणि जीपांवर ती खूण आहे, देव जाणे. गावात शेंबड्या पोरालाही ती ठाऊक आहे... हे वाचकांनी नीट लक्षात ठेवावं, कारण माझा सगळा राग इथेच आहे.

यंदा एका बंगल्याच्या मालकांची जीप त्याच्याकडे आली. नाव घेत नाही, साहेब म्हणू. गाडी देखणी, नवा हिरवा रंग, पुढे दिव्यांची रांग. बॅटरी सारखी उतरायची. मी ड्रमवर चहा घेऊन बसलो होतो, म्हणजे पुढचं सगळं माझ्या डोळ्यांसमोर झालं. किसनने डायनामा खोलून दाखवला, साहेबांना पटलं, नवा बसवला, खूण केली. मग त्याने पुन्हा मीटर लावला. डायनाम्यापाशी चौदाच्या वर, पण बॅटरीपाशी जेमतेम साडेबारा. तो खाली वाकला आणि लगेच वर आला. दिवे बसवणाऱ्या शहरातल्या दुकानाने बॅटरीची काळी, अर्थिंगची वायर इंजिनावरून सोडून रंगवलेल्या पट्टीवर आवळली होती. रंगातून करंट जाणार कसा? डायनामा वीज करतोय, पण ती बॅटरीत पोचायला वाटच नाही. किसन म्हणाला, “सायेब, धा मिंटाचं काम हाय. रंग खरवडून वायर हितं इंजिनाला घेतो.” साहेब म्हणाले, “नको, नको. त्या वायरिंगला हात लावू नका, दुकानाची गॅरंटी जाईल.” किसनने दोनदा सांगितलं. तिसऱ्यांदा म्हणाला, “मंग आठ-पंधरा दिस चालंल. पुना बंद पडंल.” साहेब हसले आणि गेले.

पंधरा दिवसांनी गाडी घाटात बंद पडली, सोबत बायकामुलं. दुसऱ्या दिवशी ग्रुपवर फोटो आला, डायनाम्यावरच्या ओरखड्यांचा. खाली मजकूर होता. ‘नवीन म्हणून जुना, वापरलेला पार्ट बसवला आहे. खरवडलेल्या खुणा स्पष्ट दिसत आहेत. सर्वांनी या माणसापासून सावध राहावे.’ त्या ग्रुपवर निम्मे बंगलेवाले आणि निम्मं गाव आहे. गावाने तो फोटो पाहिला, खूण ओळखली आणि मूग गिळून बसलं. कुणाची जमीन विकायची राहिली आहे, कुणाच्या खोल्या भाड्याने जायच्या आहेत, कुणाची बायको बंगल्यावर स्वयंपाकाला जाते. कारणं सगळ्यांकडे होती. माझ्याकडेही होतं. माझा मुलगा चार बंगल्यांची देखभाल बघतो, त्यातला एक याच साहेबांचा.

संध्याकाळी किसन घरी आला. चप्पल काढून ओट्यावर बसला, पाणी नको म्हणाला. “मास्तर, मला काय त्या मोबाइलात लिवता येत न्हाई. तुज्या जीपलाबी हाय ना निशाण? आन् तू तर तितंच बसल्याला. लिही की एक ओळ.” मी म्हणालो, “बघतो.” तो उठला, चप्पल घातली. “बघ,” म्हणाला आणि गेला.

मी लिहिलं होतं, हे खरं आहे. चार ओळी लिहिल्या, वाचल्या, पुसल्या. उगाच वाद कशाला, दोन दिवसांत लोक विसरतील, मी जाऊन साहेबांना एकांतात सांगेन... असलं काय काय मनाशी म्हणत राहिलो. तीस वर्षं वर्गात खरं बोलावं म्हणून छड्या मारलेला माणूस मी! लोक विसरले नाहीत. बंगलेवाल्यांच्या गाड्या त्याच्याकडे यायच्या बंद झाल्या, त्याचं मला नवल नाही. पण गावचे लोकही किसनकडे जाऊन ‘नव्या पार्टचं खोकं दाखव’ म्हणायला लागले. ज्यांच्या ट्रॅक्टरवर दहा-दहा वर्षं त्याची खूण आहे, ते! मी ड्रमवर बसायला जायचं टाळलं. त्या तीन आठवड्यांत मी फाट्यावरून चार वेळा गेलो आणि चारही वेळा फोनवर बोलत असल्याचं सोंग केलं.

मग त्या सकाळी शेडमध्येच त्याच्या छातीत दुखलं आणि दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं. त्या मजकुराने तो मेला, असं मी म्हणणार नाही. डॉक्टर म्हणाले हृदय आधीच थकलं होतं, तंबाखू तो लहानपणापासून खायचा. पण तो गेला तेव्हा गावाचं त्याच्याबद्दलचं शेवटचं म्हणणं ते होतं, आणि ते खोडायचं काम त्याने माझ्यावर सोपवलं होतं.

दहाव्याला साहेब आले होते, पांढऱ्या कपड्यांत. ‘फार वाईट झालं, सर,’ म्हणाले. दुसऱ्या दिवशी मी किसनच्या बायकोकडून, म्हणजे वहिनींकडून, त्याचा मीटर मागून घेतला आणि साहेबांच्या बंगल्यावर गेलो. दरम्यान त्यांनी शहरात दुसरा नवा अल्टरनेटर घातला होता आणि बॅटरी तरीही उतरतच होती. मी म्हटलं, गाडी चालू करा. डायनाम्यापाशी चौदा पॉइंट दोन, बॅटरीपाशी बारा पॉइंट चार. मग एक जाड वायर घेऊन डायनाम्याच्या अंगापासून बॅटरीच्या काळ्या टोकापर्यंत टेकवली. आकडा त्यांच्या डोळ्यांसमोर चौदावर चढला. “अरे, एवढंच होतं?” ते म्हणाले. “एवढंच. त्याने तीनदा सांगितलं होतं. मी तिथेच होतो.” ते म्हणाले, “मग तुम्ही बोलला का नाहीत, सर?” त्यावर मी जास्तच चढ्या आवाजात बोललो. आता ग्रुपवर लिहा म्हटलं. ते हळू आवाजात म्हणाले, “माणूस गेला आता. जुनं कशाला उकरायचं? मी श्रद्धांजली वाहिली आहे की.” मी टेकवलेली वायर काढून घेतली. आकडा पुन्हा बारा पॉइंट चारवर आला. तो तसाच ठेवून मी निघालो. दहा मिनिटांचं काम होतं, पण ते ज्याचं होतं त्याला त्यांनी करू दिलं नव्हतं.

घरी येऊन मी लिहिलं, माझ्या जीपवरच्या खुणेच्या फोटोसकट. आणि मग काय विचारता! तासाभरात फोटोंची रांग लागली. ट्रॅक्टर, टेम्पो, जीपा, सगळ्यांवर ‘कि’ आणि तारीख. ‘आमच्या गाडीवरही किसनभाऊंची खूण.’ ‘भाऊंच्या कामाला तोड नाही.’ म्हणजे फोटो काढायला सगळ्यांना येत होतं. एकाने मात्र फोटो टाकला नाही, मला फोन केला. त्याच्या ट्रॅक्टरचा डायनामा किसनने जायच्या आधी चार दिवस बसवला होता. “गुरुजी, त्येच्यावर निशाण न्हाई. म्या इचारलं, तर म्हणलं, नगं बाबा, कुनाला शंका याया नगं.” साहेबांची माझ्या मजकुराखाली एक अंगठ्याची खूण आली. तेवढीच.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी मीटर परत द्यायला गेलो. वहिनी शेडच्या दारात पावट्याच्या शेंगा सोलत बसल्या होत्या. आत हत्यारं किसनने ठेवली होती तशीच, पाने लहानापासून मोठ्यापर्यंत ओळीने. मी मोबाइल काढला आणि त्यांना सगळं वाचून दाखवायला लागलो, माझा मजकूर आधी, मग लोकांचे, एकेक फोटो. त्यांनी मध्ये एकदाही थांबवलं नाही. मी संपवलं तेव्हा म्हणाल्या, “भावजी, ह्ये मला कशाला वाचून दावताय? मला कदी शंका आली व्हती का?”

मी मोबाइल खिशात घातला.

“ती ओळ त्येंला ऐकायची व्हती,” त्या म्हणाल्या, आणि त्यांनी पुढची शेंग उचलली.