बिनकुंकवाच्या वड्या

कोहळ्याच्या वडीचा लेख मोबाइलवर दिसला तरी आता मले मळमळते. आणि माझं पोट असल्याच लेखांवर चालते, म्हणजे पाहा!

बालाघाटात घरी बसून मी एका वेबसाइटसाठी हिंदीत माहितीचे लेख लिहिते. हट्टा गावची जुनी बावडी पाहाले कधी जावं, कोसा रेशमाची साडी कशी ओळखावी, असं. मग सांगितलं ते लिहून देणारं ते मशीन आलं आणि जो तो लेख पाडू लागला. सगळ्यांची सुरुवात तीच, 'आजच्या धावपळीच्या जीवनात'. शेवटही तोच. मधात सगळं गुळगुळीत अन् बेचव, बिनमिठाच्या उकडलेल्या भोपळ्यासारखं. वाचून कोणी शहाणं होत नाही की साधं चिडतही नाही.

आमचे संपादक फोनवर म्हणाले, "मॅडम, तुमचा लेख गर्दीत उठून दिसला पाहिजे. अनुभव टाका. घरचं माणूस टाका. आई टाका, आई!" म्हणजे मीठ कसं चवीपुरतं टाकतो, तशी. नाही जमलं तर काम मशीनले देऊ, हेही त्यांनी गोड आवाजातच सांगून दिलं.

आई जाऊन तेव्हा वर्षही झालं नव्हतं. शिसारी आली मले. तरी टाकली. अन् टाकायचीच तर खरी टाकली.

आमच्याकडे लग्नघरी कोहळ्याच्या वड्या घालतात. उडदाची डाळ वाटायची, कोहळ्याचा कीस घालायचा अन् पीठ इतकं फेटायचं की त्याची गोळी पाण्यावर तरंगली पाहिजे. पहिल्या दोन वड्या मोठ्या, नवरा अन् नवरी. त्याइले कुंकू लावल्याशिवाय बाकीच्या घालत नाहीत, आणि कुंकू लावते सवाशीण. माझ्या लग्नात काकूनं करंडा उचलला, तर आईनं तो तिच्या हातातून ओढून घेतला. बाबा जाऊन तेव्हा कितीतरी वर्षं झालती. आई म्हणाली, "ज्या हातानं पोरगी वाढोली, त्या हाताचं कुंकू वडीले काहून चालत नाही?" आणि लावलं. गच्चीवरच्या बायांनी मग बाकीच्या वड्या घातल्या.

हे सगळं मी जसंच्या तसं लिहिलं. लेख खूप वाचला गेला, काम टिकलं.

मग उचलेगिरी सुरू झाली. माझी आई जिथं तिथं दिसू लागली. कुठं तिची आजी केलती, कुठं तिले राजस्थानात नेऊन बसवलं होतं. मशीननं तिले चघळून चघळून थुंकलं, अन् दुसऱ्या मशीननं तेच उचलून पुन्हा तोंडात घातलं. छी! मी संपादकाले सांगितलं, तर म्हणे, "अहो, कॉपी होते म्हणजे लेख हिट आहे!" अशा हिटले आग लागो.

या हिवाळ्यात माझ्या भाचीचं लग्न निघालं. तिचे वडील, म्हणजे माझा भाऊ, दोन वर्षांखाली गेला. पोरीच्या वड्यांचं पीठ वहिनीनं सकाळपासून एकटीनं फेटलं. गोळी तरंगली, तशी तिनं नवरा-नवरी घातले अन् करंड्याले हात घातला.

"थांब वो," काकू म्हणाली, "पाहून तर घेऊ, रीत काय आहे." तिनं मोबाइल काढला अन् मोठ्यानं वाचलं, "बालाघाट की एक माँ बताती हैं, कुमकुम सुहागन ही लगाए, विधवा का हाथ न लगे."

मी मोबाइल हिसकला. लेखात सगळं होतं. कोहळा होता, पाण्यावरची गोळी होती, गच्ची होती, करंडा हाती घेतलेली आईही होती. फक्त आता ती तो करंडा सवाशिणीच्या हाती देत होती.

"खोटं आहे हे! ही माझी आई आहे, मी लिहिली आहे!"

"इतक्या जागी लिहिलं आहे, ते सगळे खोटे, अन् तू एकटी खरी?"

"अवो काकू, तुमच्याच हातातून तर घेतला होता तिनं करंडा!"

काकूनं माझ्याकडे पाहिलं, मग मोबाइलकडे. "असंन बाई. मले नाही आठवत आता. तू सवाशीण आहेस, लाव पटकन, पीठ बसून राह्यलं."

मी करंडा वहिनीपुढं धरला. तिनं घेतला नाही. कोपरापर्यंत पिठानं भरलेला हात तिनं लुगड्याले पुसला.

"तुम्हीच लावा ताई," ती म्हणाली, "तुमची आईच तर सांगते."

मी लावलं नाही. नवरा-नवरी बिनकुंकवाचेच उन्हात वाळत पडले, आणि वहिनी त्यांच्याकडे पाठ करून बाकीच्या वड्या घालत राहिली.