धुराड्याचं झाकण

आधीच सांगून टाकते, मला धूर हवा होता. ज्याला धूर नको त्यानं खुशाल इलेक्ट्रिक डबा घ्यावा, प्लग लावावा आणि सोफ्यावर जाऊन पडावं. माझा नवरा नेमकं हेच सुचवत होता. "इलेक्ट्रिकवाला घे ना यार, मोबाइलवर कंट्रोल होतो. धूर कमी, कटकट नाही." कटकट म्हणजे शेजारच्या काकूंची, हे तो बोलला नाही, पण मी काय दूधखुळी आहे?

टेक्सासमधल्या अर्विंगमध्ये आम्ही नुकतंच घर घेतलं होतं. मागे अंगण, त्याला लाकडी कुंपण आणि कुंपणापलीकडे पुण्याच्या काकू. बाई वाईट नाही. संक्रांतीला आठवणीनं तिळगूळ आणून देतात. पण मी स्मोकर, म्हणजे धुरावर मांस शिजवायची भट्टी, बघतेय हे कळल्यावर कुंपणाशी येऊन म्हणाल्या, "अगं, राग मानू नकोस हं, पण बंद डब्यासारखा मिळतो ना, तसला घ्या. आमची मुलंही बाहेर खातात, ब्रिस्केट सँडविच वगैरे. पण घराच्या इतक्या जवळ वास म्हणजे..." वा रे वा! हॉटेलात खाल्लं की ब्रिस्केट आणि आमच्या अंगणात शिजलं की वास! मी हसून "बघू" म्हटलं आणि आत येऊन भांडी आपटली.

खरं कारण काकू नव्हत्याच. खरं कारण माझी आई. ती नागपूरहून काही महिन्यांसाठी आमच्याकडे आली होती आणि साधी कोंबडी शिजवायची असली तरी आधी घरभर फिरून खिडक्या लावायची. मग एक्झॉस्ट, मग उदबत्ती. टेक्सासच्या उन्हाळ्यात, एसी चालू असताना! आम्ही बौद्ध. बाबांना सरकारी नोकरी लागली, क्वार्टर मिळालं, आणि आजूबाजूच्या बिऱ्हाडांना आपण काय खातो ते कळू नये म्हणून आईनं तिथं जन्म काढला. दाराच्या फटीत ओलं फडकं, कढईवर ताट, आम्हा पोरांना "हळू बोला" अशी तंबी. तेव्हा नाइलाज होता, मान्य. पण आता माझ्या पैशानं घेतलेल्या घरात, सात समुद्र ओलांडून, माझी आई कुणाला भिऊन खिडक्या लावते? माझा संताप संताप होई. तिनं एकदा तरी उघड्यावर, चार माणसांच्या देखत, ऐसपैस बसून मटण शिजवावं एवढंच मला हवं होतं. त्यासाठी धूर हवा होता आणि धुरासाठी ऑफसेट.

ऑफसेट म्हणजे आडवं लोखंडी पिंप. त्याच्या एका बाजूला विस्तवाची पेटी, दुसऱ्या टोकाला धुराडं. लाकूड पेटीत जळतं, आच आणि धूर मांसावरून वाहत जाऊन धुराड्यातून बाहेर पडतो. यात मोबाइल नाही, दिवसभर राखण करत बसावं लागतं. चांगले ऑफसेट आमच्या आवाक्याबाहेरचे होते आणि स्वस्त म्हणजे निव्वळ पत्रा. दुकानातला कॅपवाला पोरगा सगळी माहिती नवऱ्याला देत होता आणि नवरा बिचारा माझ्याकडे बोट दाखवत होता. मी एकेकाचे पाय हलवून बघितले. मोबाइलचा टॉर्च लावून पिंपात ठेवला, झाकण बंद केलं आणि फटींतून उजेड कुठं कुठं येतो ते वाकून बघितलं. पहिल्याचं झाकण म्हणजे नुसती चाळणी. दुसऱ्याचा पत्रा दाबला की आत जाई. तिसरा जरा जाड, वजनदार, फटी होत्या पण सरळ, पट्टी चिकटवून बुजवता येतील अशा. त्याच्या झाकणावरचं थर्मामीटर खोटं बोलणार हे उघड दिसत होतं, ते वेगळं घेता येईल. मी तिसरा घेतला. "कुठं ठेवायचा?" नवऱ्यानं घरी आल्यावर विचारलं. गॅरेजच्या मागे जागा होती, कुणाला दिसला नसता. मी म्हटलं, अंगणाच्या मधोमध.

आईनं ते धूड बघून कपाळावर हात मारला. "कायले आणलं वं हे? गावभर धूर होईन!" होऊ दे, म्हटलं. पण ब्रिस्केटसाठी छातीचं मांस आणलं तेव्हा मात्र ती पुढे सरसावली. सुरी माझ्या हातातून काढून घेतली आणि चरबी अशी सोलली की नवरा बघतच राहिला. उरलेले तुकडे हातात धरून म्हणाली, "याच्या चान्या झाल्या असत्या." मीठ-हळद लावून उन्हात वाळवलेल्या मांसाच्या पट्ट्या म्हणजे चान्या. तिच्या माहेरी दोरीवर वाळत असायच्या. लग्नानंतर तिनं कधीच केल्या नाहीत.

रविवारी उजाडता उजाडता विस्तव पेटवला. ओकची लाकडं, एका वेळी एकच, आणि धुराड्यातून पातळ निळसर धूर. तेवढाच हवा असतो. आई सुरुवातीला दारातून बघत होती, मग पायरीवर आली, मग चक्क खुर्ची घेऊन बसली. मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू! मी चहा टाकायला आत गेले.

परत येऊन बघते तो झाकणाच्या फटींतून पिवळट-पांढरा धूर भसाभसा बाहेर येतोय, पेटीतला विस्तव गुदमरलाय. धुराड्याच्या तोंडावरचं झाकण फिरवून गच्च बंद केलेलं. आई पदर धरून शेजारी उभी.

"कोणी बंद केलं हे?"

"मी केलं. ती बाई बाहेर आली होती," आई हळूच म्हणाली.

माझं डोकंच फिरलं. "अगं आई, धूर कोंडला की मांस कडू होतं! विस्तव विझतो! किती वर्षं कोंडणार आहेस? हे बाबांचं क्वार्टर नाही, माझं घर आहे!" मी ओरडत होते आणि मला रडू येत होतं.

तेवढ्यात कुंपणावरून काकूंचा आवाज आला. "सगळं ठीक आहे ना? केवढा धूर! काय शिजतंय?"

"ब्रिस्केट, काकू," मी डोळे पुसत म्हटलं.

आईनं माझ्याकडे बघितलं. "काय सांगितलं तिले?"

"ब्रिस्केट. इथं तसंच म्हणतात."

"आन आपल्यात काय म्हनतात?"

आमच्या घरात बीफला जो शब्द आहे तो मी आईच्या तोंडून कायम कुजबुजतच ऐकलेला. बाजारात, स्वयंपाकघरात, पाहुण्यांसमोर भुवया उडवून. आईनं पदर हाताला गुंडाळला, तापलेलं झाकण फिरवून धुराडं सताड उघडलं आणि कुंपणाकडे तोंड करून खणखणीत आवाजात म्हणाली, "मोठ्याचं मटन हाय, ताई! सांजच्याले होईन. खात असान तं या!"

काकू "बरं, बरं" म्हणाल्या आणि आत गेल्या. नवरा दारात पुतळ्यासारखा उभा. आईनं खुर्ची ओढून कुंपणाच्या आणखी जवळ नेली, ऐसपैस बसली आणि धुराड्याकडे बघून मला म्हणाली, "मरून राहिला धूर. उभी काय राह्यली? टाक अजून एक लाकूड."