बरणीतलं तांबडं पाणी

गाडी समोर उभी राहिली की मिस्त्री आधी उलटा हात रेडिएटरजवळ न्यायचे, ताप आलेल्या लेकराच्या कपाळाशी न्यावा तसा, आणि म्हणायचे, "थांबा. थंड होऊ द्या." समोरच्याला किती घाई आहे, याच्याशी त्यांना देणंघेणं नसे. असे हट्टी कारागीर तुम्हीही पाहिले असतील.

आमचं स्पेअर पार्टचं दुकान पूर्णा रस्त्यावर आणि त्यांचं गॅरेज भिंतीला भिंत लावून. काउंटरवर बसूनही अनोळखी माणसाशी बोलायला मी लाजते. मिस्त्रींशी मात्र जमलं, कारण त्यांना माझ्याकडून फक्त वाचून हवं असायचं. ड्रायव्हर रेडिएटरमध्ये घालायचं कूलंट रंगावरून मागत, हिरवं कूलंट, लाल कूलंट. मिस्त्री कॅन माझ्यापुढे सरकवत. "रंग राहू दे माय. बारीक अक्षर वाच." गाडीच्या पुस्तकात आहे तेच कॅनवर असलं, तरच ते कॅन उघडायचे. मी इंग्रजी वाचून मराठीत सांगताना अडखळले की हसायचे. "एवढी मोठी शाळा शिकलीस अन् घरची भाषा येईना व्हय?"

त्यांच्या फळीवर लोणच्याची काचेची बरणी होती. आत चहासारखं तांबडं पाणी. ते काय आहे, हे विचारायला मला वर्ष लागलं.

त्यांचा धाकटा भाऊ एका मालकाच्या ट्रकवर ड्रायव्हर होता. हा मालक कूलंटऐवजी बोअरचं पाणी भरायला लावायचा. येलदरीकडून ऊस आणताना इंजिन उकळलं. भावाने फोन केला तर मालक म्हणाला, "झाकण काढ, पाणी ओत अन् निघ. कारखान्यावरचा नंबर जाईल." भावाने झाकण काढलं. उकळतं पाणी अर्ध्या चेहऱ्यावर आणि मानेवर उडालं. मालकाने मात्र सगळीकडे सांगितलं, दारू पिऊन होता. मग त्याच्या हाती कुणी स्टिअरिंग दिलं नाही, आणि तो मिस्त्रींच्याच गॅरेजमध्ये हाताखाली काम करू लागला. ओढून आणलेल्या त्या ट्रकमधलं उरलेलं, गंजाने तांबडं झालेलं पाणी मिस्त्रींनी बरणीत भरून ठेवलं.

"येईल की तो मालक एक दिवस माझ्या दारात," ते म्हणायचे.

आला. मे महिन्यातली दुपार होती. त्याचा नवा ट्रक वाफ सोडत नेमका आमच्यासमोर थांबला. ड्रायव्हर पाणी आणायला धावला. मालक स्वतः खाली उतरला आणि रुमाल गुंडाळून त्याने झाकणाला हात घातला.

मिस्त्री चार हात अंतरावर बसून नट पुसत होते. त्यांनी वर पाहिलं, आणि पुन्हा नट पुसू लागले. "थांबा" म्हणाले नाहीत. मीही काउंटरवरून पाहत होते. मीही गप्प राहिले. एरवी मी लाजून गप्प असते. त्या दिवशी तसं नव्हतं.

ओरडला तो भाऊ, जीपखालून. "मालक, हात काढा! जळताल!"

मालकाने हात मागे घेतला.

गाडी थंड झाल्यावर मिस्त्रींनी सगळं काम नीट केलं. खालचा कॉक सोडून जुनं पाणी काढलं, नितळ पाणी येईपर्यंत धुतलं, माझ्याकडून कॅन वाचून घेतला, डिस्टिल वॉटर निम्मं मोजून घातलं. "गाडीनं काय केलंय माझं?" म्हणाले. मग बरणी मालकापुढे धरली. "वळखलं का? तुमचंच पाणी हाय. सांगा आता ह्या लोकांसमोर, त्या दिवशी दारू कोण पिलं होतं?" चहाच्या टपरीवरचे ड्रायव्हर उठून जवळ आले. मालक गाडीत चढला आणि निघून गेला.

"दोन मिनिटं गप बसला असतास तर काय झालं असतं रे?" मिस्त्रींनी भावाला विचारलं.

"लय आग होती दादा. मला ठाव हाय की."

मिस्त्री आठ दिवस त्याच्याशी बोलले नाहीत. डब्यातली भाकरी मात्र रोज निम्मी त्याच्यापुढे सरकवत.

गेल्या हिवाळ्यात मिस्त्री गेले. गॅरेज आता भाऊ चालवतो. त्याने बरणी ओतून टाकायला काढली होती. मी ती मागून घेतली.

मागच्या आठवड्यात मालक दुकानात आला. "कूलंट दे, पाच लिटर."

मी कॅन काढला, त्याच्याशेजारी बरणी ठेवली, आणि कॅनवरचा हात उचलला नाही. मी म्हणाले, "शेजारी चार ड्रायव्हर बसलेत. मिस्त्रींचा भाऊ त्या दिवशी प्यालेला नव्हता, एवढं त्यांना सांगून या. मग देते."

"अजून तेच घेऊन बसलात तुम्ही लोक?"

"हो."

तो रिकाम्या हाताने उन्हात पुढच्या दुकानाकडे गेला. मी बरणीवरची धूळ पुसली आणि रस्त्यावरून दिसेल अशी पुढे ठेवली.