डाग माझे नव्हते

“परत म्हण. काय म्हणालीस?”

साहेब पडवीत खुर्चीवर बसून विचारत होते. मी अंगणात त्यांच्या काळ्या गाडीजवळ उभी. हातात ओलं फडकं. पडवीत त्यांच्या ऑफिसातली दोन जोडपी, समोर ताटलीत तळलेले बोंबील. तेही मीच तळलेले.

“खाऱ्या पान्याचे डाग हायेत, सायेब.”

सगळे हसले. एक बाई तर ठसका लागेपर्यंत हसल्या.

“पान्याचे नाही, पाण्याचे. ण. जीभ वर लाव. म्हण, पाणी.”

तेव्हा मी तीस वर्षांची होते. कळंबला समुद्राजवळ साहेबांचा बंगला होता. ते मुंबईहून शनिवारी येत, रविवारी जात. बाकीचे दिवस बंगला मी आणि माझी आई सांभाळायचो. मागची एक खोली आम्हाला राहायला दिली होती. आमचं मिठागर बंद पडल्यावर आम्हाला दुसरं छप्पर नव्हतं. साहेबांना हे पक्कं माहीत होतं.

गाडीच्या रंगावर त्यांनी नवीन कोटिंग करून घेतलं होतं. आता डाग पडणारच नाहीत, असं म्हणे दुकानदाराने सांगितलं होतं. शनिवारी दुपारी पाहुण्यांना ते दाखवायला साहेबांनी स्वतः बागेचा पाइप गाडीवर धरला. पाणी बोरिंगचं, मचूळ. टपोरे थेंब घरंगळायला लागले. “बघा, चिकटतच नाही,” साहेब म्हणाले. सगळ्यांनी वा वा केलं आणि जेवायला आत गेले. उरलेले थेंब भर उन्हात तिथेच वाळत होते. मी फडकं घेऊन धावले, तर साहेब दारातून म्हणाले, “हात लावू नकोस. चरे पाडशील.”

रविवारी सकाळी बॉनेटवर, टपावर पांढरी वर्तुळं उमटलेली. पिठाच्या बोटांनी कुणी गाडी चाचपावी तशी.

“भांड्याच्या पावडरीने घासलीस ना?” साहेबांनी विचारलं. मी नाही म्हटलं, आणि खरं कारण सांगितलं. मिठागरात जन्म गेलेला आमचा. खारं पाणी उन्हात आटलं की मागे काय उरतं, ते मला कुणी शिकवायला नको होतं. पण बंगल्यावरची कामाची बाई चारचौघांत आपल्याला शिकवते, हे साहेबांना झोंबलं. म्हणून त्यांनी माझा ‘न’ पकडला.

आणि मी म्हटलं. “पाणी.”

जीभ वर लावून. नीट. शाळेतल्या पोरीसारखं. त्यांनी टाळ्या वाजवल्या. त्या टाळ्या अजून ऐकू येतात. भाजी चिरताना येतात, रेशनच्या रांगेत येतात. माझ्या आईने, तिच्या आईने ज्या शब्दाने तहान सांगितली, तो मी पाच माणसांच्या करमणुकीसाठी थुंकून टाकला. मला लाज वाटते. साहेबांची नाही, माझी.

“आता काढ ते डाग.”

मी म्हटलं, बोरिंगच्या पाण्याने पुन्हा तेच होईल. तर साहेबांनी आतून पाण्याचा कॅन आणायला लावला. मुंबईहून आणलेला, पिण्याचा. त्या कॅनला आम्ही हात लावायचा नाही, असा नियम होता. “तुम्हाला बोरिंगची सवय आहे,” असं साहेबांच्या बायकोने, मॅडमनी, पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. आई ते मचूळ पाणी पिऊन कायम पोट धरून बसायची. आणि मी तो कॅन गाडीसाठी उघडला.

गाडी सावलीत घ्यायला लावली. पत्रा निवू दिला. स्वयंपाकघरात चायनीजसाठी आणलेलं व्हिनेगर होतं, त्यात तेवढंच पाणी घालून मऊ फडकं भिजवलं. घासायचं नाही. फडकं डागावर नुसतं ठेवायचं, खार सुटू द्यायचा, मग अलगद पुसायचं. लगेच गोड्या पाण्याने धुवायचं आणि कोरडं करायचं, थेंबही मागे ठेवायचा नाही. ते गोडं पाणी माझ्या कोपरावरून मातीत गळत होतं. आई खोलीच्या दारातून बघत होती. तिच्याकडे बघायची माझी हिंमत झाली नाही.

डाग गेले. एका पाहुण्यांनी बॉनेटवरून बोट फिरवलं. “कोटिंग भारी आहे हं.”

साहेब खूश झाले. म्हणाले, “चल, आता सगळ्यांसमोर सॉरी म्हण. मग मीही विसरून जातो.”

“कशाचं सॉरी?”

“डाग पाडल्याचं.”

आई पुढे आली. माझ्या कानाशी लागून म्हणाली, “म्हन गो. तोंडानं म्हनायला काय जातं? आपन जायाचं कुठं?”

तिचं खरं होतं. जायला जागा नव्हती. पण तोंडाने म्हणायला काय जातं, ते मला तासाभरापूर्वीच कळलं होतं. हेही म्हटलं असतं तर ते डाग कायमचे माझे झाले असते.

मी फडकं पिळून तारेवर टाकलं. “सायेब, पाइप तुमी धरला. मी पुसायला आले तवा तुमीच नको म्हनला. डाग तुमचे हायेत. काढले मी. सॉरी मी नाय म्हननार.”

या वेळी कुणी हसलं नाही.

“संध्याकाळच्या आत खोली रिकामी कर,” साहेब म्हणाले.

दोन पिशव्या, स्टोव्ह आणि आई. नालासोपाऱ्यात एका चाळीत, दुसऱ्याच्या घराच्या ओट्यावर दिवस काढले. आई त्यानंतर तीन पावसाळे जगली. शेवटपर्यंत म्हणत राहिली, “एक शबुद म्हनली असतीस.” तिने मला माफ केलं नाही. मी तिला दोष देत नाही. तिला छप्पर हवं होतं, आणि ते मी घालवलं. हे ओझं माझं आहे. ते मी कुणाच्या दारात नेऊन ठेवत नाही.

आज मी चार घरची कामं करते. प्रत्येक घरी पहिल्याच दिवशी सांगते. माझ्या हातून काच फुटली तर मी स्वतः येऊन सांगेन, माफीही मागेन. पण न केलेली चूक माझ्या तोंडात घालायची नाही. हे ऐकून दोन घरांनी दार लावून घेतलं. उद्या या चौघांनी लावलं, तरी पाचव्या दारात उभी राहून मी हेच सांगणार आहे.