नव्या पिकअपमधली केळी कशी खरचटली?

मंडळींनो, आज सकाळी मी रावेर ते सावदा हा रस्ता दोनदा केला, दोन वेगळ्या पिकअपमधून. एक आपल्या सोसायटीची, लष्कराच्या लिलावातून आणलेली. दुसरी विक्रेत्याने पारखायला दिलेली, अगदी कोरी. केळीचे घड दोन्हींत सारखेच, खाली पानांची गादीही सारखीच. चालवायला दोन्ही वेळा सोसायटीचे ड्रायव्हर, आपले रघुनाथनाना.

जुनीचं स्टिअरिंग म्हणजे उसाचा चरक. नानांचे खांदे भरून आले. नवीचं एका हाताने फिरतं. तरी जुनीतले घड शाबूत उतरले आणि नवीतले खरचटले.

मी नव्या गाडीचा उघड विरोधक. मला आनंद व्हायला हवा होता, पण संशय आला. जुनी चालवताना नानांनी प्रत्येक खड्डा चुकवला होता आणि नवीत एकही सोडला नव्हता!

"नाना, खड्डे दिसले नाहीत का?"

"दिखनात भाऊ, बठ्ठा दिखनात." नानांनी मान खाली घातली. "पन हाई गाडी कोनीबी चालाडी. मंग माले कोन इचारी?" म्हणजे खड्डे सगळे दिसले होते; नवी गाडी आली की आपली गरज संपेल, या धास्तीने नानांनी ते मुद्दाम घेतले होते.

नवी गाडी घ्यायची की नाही, हे ठरवायला उद्या सोसायटीची सभा आहे. हे घड टेबलावर ठेवले की मी जिंकलोच. पण खोटा पुरावा नाचवणाऱ्यांना मी आजवर भर चौकात सोलून काढलं आहे. म्हणून आधी एकच ठराव मांडणार: गाडी कोणतीही घ्या, चालवतील नानाच. तो मंजूर झाला, की खड्ड्यांचं खरं काय ते नाना स्वतःच सांगतील.

त्या ठरावाला किती हात वर होतील?