आबा शाळेबाहेर बसायचे

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. आईला सांगायला हवं होतं, पण ती आता नाही. तुम्ही मला ओळखत नाही, मी तुम्हाला ओळखत नाही, एवढ्याच आधारावर लिहायला बसलोय. सुरतेत एका कापडाच्या गोदामात मी माल उतरवून घेतो. दिवसभर हिंदी, थोडी मोडकी गुजराती. मराठी बोलायला माणूस नाही. म्हणून असेल कदाचित — हे एवढंच आत मराठीत चालू राहिलं.

कुठून सुरू करू? सातवीत माझी शाळा सुटली, तिथून करतो. सुटली असंच मी आजवर म्हणत आलो.

आमचं गाव पाथर्डीच्या अंगाला, कोरडं. दिवाळी झाली की आई-आबा टोळीबरोबर ऊसतोडीला निघायचे. शाळा गेल्यावर मीही त्यांच्याबरोबर राहुरीकडच्या एका कारखान्यावर जाऊ लागलो. नव्वदच्या पुढची ती वर्षं. कारखान्याच्या कडेला आमच्या कोप्या, झोपड्याच त्या, आणि कोप्यांना लागून उसाच्या पाचटाच्या मांडवात एक शाळा. ऊसतोड्यांच्या पोरांसाठी एका बाईंनी सुरू केलेली. आईनं त्यांना गळ घातली, की ह्याच्या हातून कोयता काही चालत न्हाई, तुमच्याकडं काम द्या. आणि बाईंनी ठेवून घेतलं. सकाळी कोप्याकोप्यांतून पोरं गोळा करायची, पाणी भरायचं, खिचडी टाकायची. पुढं एक दिवस बाई म्हणाल्या, लहान्यांची बाराखडी तू घे. सातवीच्या परीक्षेलाही न बसलेला मी, आणि माझ्या हातात खडू! त्या बाईंचे उपकार मी कुठल्या तोंडानं सांगू? पण भीतीही तेवढीच. रोज वाटायचं, आज कुणीतरी येईल आणि म्हणेल, ए, ऊठ तिथून.

पुढच्या हंगामात आई-आबांची टोळी दुसऱ्या कारखान्याला गेली. मी बाईंकडेच राहिलो.

त्याच हंगामात पाहुणे आले. परदेशातली एक संस्था अशा शाळांना पैसे देणार होती — एका शाळेला नाही, चांगलं चाललेलं दिसलं तर जिल्ह्यात आणखी शाळा काढायला. बाई आठवडाभर नीट जेवल्या नव्हत्या. पाहुण्यांत एक गोऱ्या बाई होत्या, आणि त्यांचं बोलणं मराठीत सांगणारा एक माणूस. त्या बाईंनी मला जवळ बोलावलं. विचारलं, तुझी शाळा का सुटली?

साधा प्रश्न. मला काय सांगता आलं असतं? मी पळालो म्हणून? शाळेतून पळालेला पोरगा बाईंनी पोरांना शिकवायला ठेवलाय म्हणून? बाई माझ्याकडंच बघत होत्या. मी म्हणालो — वडिलांनी काढलं. हात धरून ओढत बाहेर काढलं.

एवढंच बोललो. गोऱ्या बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. आमच्या बाईंच्याही. त्यांनी मला खोटं बोलायला सांगितलं नव्हतं, हे लिहून ठेवतो. त्यांना ते खरंच वाटलं, शेवटपर्यंत.

पैसे मंजूर झाले. नव्या शाळा निघू लागल्या. आणि प्रत्येक ठिकाणी, कारखान्याच्या आवारात असो की रस्त्याकडेच्या माळावर, पहिल्या दिवशी मला बोलायला उभं करायचे. तेच सांग, दत्तू. मी सांगायचो. समोर टोळीतली माणसं, कडेवर पोरं घेतलेल्या बाया, मुकादम. त्यांचे चेहरे पडायचे. दुसऱ्या दिवशी मांडवात पोरं वाढलेली असायची, हेही खरं. मग गोष्ट वाढत गेली. एका ठिकाणी आबांनी मला कोयत्याच्या मुठीनं मारलं. दुसऱ्या ठिकाणी ते दारू प्यायला लागले. कुणी घातलं हे त्यात? मीच. लोक गप्प होऊन ऐकतायत, ह्याची चटक लागली होती मला. काय सांगू.

मग घोडेगाव.

तिथं नव्या शाळेचा कार्यक्रम नेमका बाजाराच्या दिवशी होता. गोऱ्या बाई पुन्हा आल्या होत्या, पुढच्या वर्षांचे पैसे द्यायचे की नाही हे ठरवायला. मला काय ठाऊक, की आबा मुकादमाबरोबर बैल बघायला त्याच बाजारात आलेत? तिथं कुणीतरी त्यांना सांगितलं, तुमचा दत्तू आज मास्तर म्हणून भाषण करतोय. ते बैल सोडून ऐकायला आले. मागे, गर्दीत उभे राहिले. मला दिसले नाहीत.

त्या दिवशी मी फार चांगलं बोललो. मूठ, दारू, हात धरून ओढणं — सगळं.

पुढच्या ओळीत आमच्या गावची यमुनाकाकू बसली होती. तिची टोळी तिथल्याच कारखान्यावर. तिची चुळबूळ मला दिसत होती, पण तिनं एकदम मागे वळून पाहिलं आणि ओरडली, "आरं दत्तू, तुझा बाप तर ह्यो काय, हितंच हुबा हाय की!"

सगळ्या माना वळल्या. आबा. धुतलेला सदरा, हातात टोपी. पाहुण्यांच्या माणसानं त्यांना पुढं बोलावलं आणि विचारलं, मुलगा सांगतोय ते खरं आहे का? यमुनाकाकू उठलीच. "न्हाई वो सायेब, ह्यो मानूस तसला न्हाई, ह्यो तर—"

"यमुने, खाली बस," आबा म्हणाले.

त्यांनी माझ्याकडं पाहिलं. मग बाईंकडं. मग त्या नव्या मांडवाकडं, तिथं पोरं पाट्या घेऊन बसली होती. मला तेव्हा एक शब्द बोलता आला असता. एकच. मी तिथंच, त्यांच्यापासून दोन हातांवर उभा होतो.

"व्हय," आबा म्हणाले. "म्याच वढलं हुतं. तवा अक्कल न्हवती. आता तुमी तरी पोरं शाळंत घाला."

टाळ्या झाल्या. गोऱ्या बाईंनी त्यांचे दोन्ही हात धरले. मग आबांचा फोटो निघाला. तो पुढं संस्थेच्या पत्रकावर आला, हात जोडलेले आबा.

कार्यक्रम झाल्यावर आम्ही दोघं टेम्पोच्या आडोशाला बसलो. मी वाट बघत होतो, आता मारतील. मारलं असतं तर बरं झालं असतं, असं आज वाटतं. पण हेही मी माझ्याच सोयीचं बोलतोय. ते टोपी झटकत राहिले. मग म्हणाले, "ते दारूचं कशाला घातलं रं? बाकीचं चाललं. तुझ्या आईच्या कानावर गेलं तर म्हनंल, कवा पिऊन आला ह्यो, मला कसा वास आला न्हाई?" आणि हसले. मीही हसलो. त्या हसण्याची मला अजून लाज वाटते.

उठताना त्यांनी एवढंच विचारलं, "त्या बाई पैसं देत्याल ना शाळंला?"

देतील म्हणालो.

"मग झालं तर."

पैसे आले. पुढं मिरजगावलाही शाळा निघाली. आणि तिथं मी काय केलं सांगू? दारू तेवढी काढून टाकली. आणि शेवटी नवं जोडलं — माझ्या वडिलांनी नंतर चार माणसांत आपली चूक कबूल केली. हे ऐकून लोक डोळे पुसायचे.

टोळीत आबांचं नाव पडलं. मुकादम रोज सकाळी चेष्टा करायचा, काय मास्तरचे बाप, आज कुणाला वढायचं? ते म्हणायचे, मोळी वढतो की. आईला वाईट वाटायचं. भाषणाचं आबांनी तिला सांगितलंच नव्हतं, तिला वाटायचं लोक उगाच बोलतात. मी हंगाम संपल्यावर घरी जायचो, त्यांच्याशेजारी झोपायचो, आणि बोलायचो नाही. ते गेल्यावर बाई दहाव्याला आल्या, एवढ्या लांबून. चार शब्द बोलल्या. म्हणाल्या, चुकलेला माणूस होता, पण चूक मान्य करायला मोठं मन लागतं. यमुनाकाकू माझ्याकडं बघत होती. सबंध गाव बघत होतं खरं तर, गावाला सगळं माहीत होतं.

मी मान हलवली. हो म्हणून.

त्यानंतर गावात राहवलं नाही. त्या शाळांतल्या काही बंद पडल्या, काही चालल्या. त्यांत शिकलेली पोरं कुठं कुठं नोकरीला आहेत असं ऐकतो. ते आबांच्या नावावर मांडायचं की माझ्या? मी काहीच मांडत नाही.

जे झालं ते असं. सातवीत मला गणिताची भीती बसली. वर्गात मी सगळ्यांत थोराड, पोरं घोडा म्हणायची. मी शाळेत जाईनासा झालो. त्या वर्षी आबांनी ऊसतोडीला जायचं लांबवलं, टोळी पुढं गेली तरी मागं राहिले. रोज सकाळी माझा हात धरून मला शाळेपर्यंत ओढत न्यायचे. हात धरला होता हे खरं. ओढलं होतं हेही खरं. मी दिशा तेवढी बदलली. मी पळेन म्हणून ते शाळा सुटेपर्यंत समोरच्या लिंबाखाली बसून राहायचे. काम नाही, काही नाही. मास्तर खिडकीतून बघून हसायचे.

एके दिवशी मी मागच्या खिडकीतून उडी मारून गेलो. पुन्हा त्या शाळेत पाऊल टाकलं नाही.

संध्याकाळी घंटा झाली, सगळी पोरं बाहेर आली. आबा लिंबाखाली उठून उभे राहिले होते, एकेका पोराचं तोंड बघत. हे मला यमुनाकाकूनं सांगितलं. मी तिथं नव्हतो.