सिस्टरबाईंचं परस

आंघोळीचं पाणी नालीत वाहून गेलेलं सिस्टरबाईंना बघवत नसे. भोकरच्या दवाखान्यात नर्स म्हणून आयुष्य घालवून त्या लातूरला आमच्या शेजारी राहायला आल्या होत्या. नावानं त्यांना कुणीच हाक मारली नाही. आमच्या गल्लीत नळ आठ-दहा दिवसांनी यायचा, तरी भर उन्हाळ्यात त्यांच्या परसात वांगी, कढीपत्ता आणि एक शेवगा तग धरून असायचा.

प्रत्येक झाडाच्या बुडाशी त्यांनी गळ्यापर्यंत मडकं पुरलं होतं. त्यात तांदूळ-भाजी धुतलेलं पाणी ओतायच्या. मडकं हळूहळू पाझरायचं. मी एकदा पाइपानं झाडं भिजवायला गेले, तर माझा हात धरला. "पानाला काय पाजून राहिलीस बाई? तहान मुळाला हाय."

कुणी पाचोळा पेटवताना दिसलं की टोपलं घेऊन धावायच्या. "जाळू नगा, माझ्या झाडायचं पांघरूण हाय ते!"

गेल्या वर्षी मे महिन्यात त्या परसात पडल्या. खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन नांदेडला झालं आणि पुढं महिनाभर त्या तिथंच लेकीकडे राहिल्या. पुण्याहून मुलगा आला. मला म्हणाला, "वहिनी, आई परत वाकणार, परत पडणार. सगळं काढून फरशी घालू का?"

आठ वर्षं मी त्या परसातली भाजी खाल्ली होती. तरी म्हणाले, "घाला. त्यांना आता झेपायचं नाही."

शेवगा तोडत होते तेव्हा मी खिडकी लावून घेतली.

महिन्यानं नांदेडहून परतल्यावर वॉकर धरून सिस्टरबाई मागच्या दारात उभ्या राहिल्या. मुलगा म्हणाला, "आई, आता पाय घसरायची भीती नाही."

"हाव," त्या म्हणाल्या. मग माझ्याकडे वळल्या. "तू हुतीस न्हवं हितं?"



त्यांनी ते दार पुन्हा उघडलं नाही. मी कुंडीत तुळस लावून नेली, तर म्हणाल्या, "घिऊन जा. जीव लावावा लागतो गं. आता न्हाई लावायचा."

दिवाळीच्या आत त्या गेल्या.

त्या घरात आता भाडेकरू आहेत. परसात त्यांची गाडी उभी असते. परवा त्यांनी सहज विचारलं, "आधी काय होतं हो इथं?"

"काही नाही," मी म्हणाले.